प्रकल्प नोंदी: निळा रंग, लाल दिवा आणि सिलिकाचे कण

२ जून

आजपासून वही सुरू. प्रकल्पाचं कागदावरचं नाव भलतंच लांब आहे. लॅबमध्ये आम्ही त्याला 'निळं काम' म्हणतो. मिथिलीन ब्लू हा जुना, स्वस्त रंग सिलिकाच्या नॅनोकणांत भरायचा, त्याचा जेल करायचा, आणि तोंडातल्या कॅन्सरपूर्व चट्ट्यांवर तो लावून लाल प्रकाश दिला तर काय होतं ते पेशींवर आणि मांसाच्या तुकड्यांवर तपासायचं. माणसावर काहीही नाही. तो टप्पा आमच्या लॅबच्या आवाक्यात नाही.

पद्धतीचं नाव फोटोडायनॅमिक थेरपी. रंग प्रकाश शोषतो, ती ऊर्जा शेजारच्या ऑक्सिजनला देतो आणि त्यातून सिंग्लेट ऑक्सिजन तयार होतो. हा भयंकर चपळ आणि अल्पायुषी: पाण्यात त्याचं आयुष्य साधारण ३.५ मायक्रोसेकंद. तेवढ्यात जे जवळ असेल ते जाळतो आणि संपतो. त्यामुळे रंग जिथे आहे तिथेच मार बसतो. उपचाराची सगळी गंमत यात आहे आणि अडचणही यातच.

हळद का नाही, हे घरी, ट्रेनमध्ये आणि कॉलेजच्या कॅन्टीनमध्येही विचारून झालंय. कर्क्युमिन प्रकाशाने काम करतं हे खरं. पण ते ४२५ नॅनोमीटरच्या आसपासचा निळा प्रकाश शोषतं आणि निळा प्रकाश मांसात एक मिलिमीटरही धड उतरत नाही. शिवाय ते पाण्यात विरघळत नाही, आणि द्रावण जरा अल्कधर्मी झालं की तुटतं. मिथिलीन ब्लू ६६४ नॅनोमीटरला शोषतो, म्हणजे लाल.

मॅडमची अट एकच आहे: प्रत्येक प्रयोगात कणांच्या शेजारी मोकळा रंग ठेवायचा, रंगाची मात्रा तीच. "कण छान झाले, गोल झाले, फोटो सुंदर आला, हे मला सांगू नकोस. मोकळ्या रंगापेक्षा तो कण काय जास्त करतो ते सांग." भिंतीवर लिहून लावावं असं वाक्य आहे.

५ जून

वाचन. या विषयाचा आरंभ १९०० साली म्युनिकमध्ये झाला. ऑस्कर राब नावाचा विद्यार्थी अॅक्रिडिन या रंगाचा पॅरामेशियमवर परिणाम बघत होता. मात्रा तीच, पण जीव कधी पटकन मरत, कधी तासन्‌तास टिकत. फरक खोलीतल्या उजेडाचा होता. वादळी हवेमुळे एके दिवशी अंधारून आलं होतं, असं सांगतात. त्याचे गुरू हर्मन फॉन टॅपायनर यांनी पुढे या परिणामाला 'फोटोडायनॅमिक' नाव दिलं. १९१२ साली फ्रीडरिश मायर-बेट्झ यांनी तर स्वतःलाच २०० मिलिग्रॅम हिमॅटोपॉर्फिरिन टोचून घेतलं आणि उन्हात गेले. चेहरा सुजून ओळखू येईना, आणि उन्हाचा त्रास कित्येक आठवडे राहिला.

तीच खोड आजच्या औषधांतही उरली आहे. फोटोफ्रिनला कॅनडात १९९३ साली परवानगी मिळाली. ते शिरेतून देतात आणि नंतर महिनाभर तरी रुग्णाने ऊन टाळायचं असतं. आपल्याकडे मे महिन्यात कुणाला हे सांगून बघावं. नॅनोकणांचा मोह इथून सुरू होतो: रंग कणात भरला तर तो गाठीत जास्त आणि कातडीत कमी जाईल, ही आशा. १९८६ साली जपानमध्ये मात्सुमुरा आणि मायेदा यांनी दाखवलं की गाठीच्या सच्छिद्र रक्तवाहिन्यांतून मोठे रेणू आत झिरपतात आणि तिथेच अडकतात. त्यावर कितीतरी प्रयोगशाळा उभ्या राहिल्या. मग २०१६ साली आधीच्या दहा वर्षांच्या शोधनिबंधांची एकत्र मोजणी झाली, आणि शिरेतून दिलेल्या नॅनोकणांपैकी गाठीपर्यंत पोचणारा वाटा मध्यक घेतला तर ०.७ टक्के निघाला. बाकीचं यकृत आणि प्लीहा गिळतात.

म्हणून आम्ही शिरेच्या वाटेला जातच नाही. तोंडात हात पोचतो, दिवा पोचतो, जेल लावता येतो.

९ जून

कण बनवायला घेतले. स्टोबर पद्धत, १९६८ सालची: इथेनॉल, पाणी, अमोनिया, आणि त्यात टेट्राइथाइल ऑर्थोसिलिकेट थेंबाथेंबाने. सगळे त्याला टीईओएस म्हणतात. ढवळत ठेवलं की द्रावण आधी निळसर धुरकट आणि मग दुधासारखं होतं. कणाचा आकार अमोनिया, पाणी आणि तापमान यांवर ठरतो. बाटलीचं झाकण उघडं राहिलं तर नेरूळच्या जूनमधली हवाच टीईओएसला पाणी पाजते, म्हणून बाटली डेसिकेटरमध्ये (हवा कोरडी ठेवणाऱ्या बंद भांड्यात), आणि सिलिका जेल गुलाबी झालं की लगेच ओव्हनमध्ये. हे काम लॅबमधल्या काकांनी आपणहून घेतलंय. "ताई, पावसाळ्यात पापड सांभाळतात ना, तसं हे," असं ते म्हणाले आणि खरंच तितक्याच काटेकोरपणे सांभाळतात.

पहिल्या बॅचमध्ये रंग सुरुवातीपासूनच घातला होता. सकाळी द्रावण निळं न राहता जांभळट झालेलं. स्पेक्ट्रम (कुठल्या तरंगलांबीला किती प्रकाश शोषला जातो त्याचा आलेख) काढला तर शिखर ६६४ वरून डावीकडे सरकलेलं. अल्कधर्मी द्रावणात तासन्‌तास राहिला की मिथिलीन ब्लूचे मिथाइल गट गळतात आणि अझुर बी तयार होतं. त्याचं शिखर ६४८ च्या आसपास. म्हणजे कणात जे अडकलं ते आम्हाला हवं होतं तेच रेणू राहिलेले नाहीत. शोधनिबंधांतल्या रंगीत फोटोंत हा जांभळटपणा कुणाला दिसत नाही. ज्यांनी स्पेक्ट्रम छापलाय त्यांच्यात मात्र दिसतो.

दोन वाटा आहेत. एक: कण आधी करून, धुऊन, मग तटस्थ पाण्यात रंग लावायचा. सिलिका ऋणभारित, रंग धनभारित, चिकटतो. दुसरी: तेल-पाण्याच्या मायक्रोइमल्शनमध्ये, अगदी थोड्या अमोनियात, कमी वेळ. दोन्ही करून बघू.

१७ जून

धुलाईचा आठवडा. सेंट्रिफ्यूज, पेलेट, वरचं पाणी काढा, पुन्हा पाणी, सोनिकेटर, पुन्हा सेंट्रिफ्यूज. वरचं पाणी ६६४ ला शून्याजवळ येईपर्यंत थांबायचं नाही, असं ठरलंय. ज्युनिअर वैतागली: "ताई, दिसायला तर पारदर्शक आहे." डोळ्यांना पारदर्शक वाटणाऱ्या पाण्यातही मिथिलीन ब्लू मोजता येतो, इतका तो गडद आहे.

वरून लावलेला रंग साध्या पाण्यात टिकतो, पण फॉस्फेट सलाईनमध्ये टाकला की सुटायला लागतो. मिठाचे सोडियम आयन त्याची जागा घेतात. लाळेतही क्षार असतातच. मायक्रोइमल्शनमधला, आत अडकलेला रंग त्या मानाने टिकला. डायलिसिस पिशवीच्या बाहेरचं पाणी ठरावीक वेळाने काढून मोजतेय. रंग बाहेर येऊन काम करणार असेल, तर परिणामाचं श्रेय कणाला देणं ही फसवणूक आहे. नॅनोच्या नावाने छापलेल्या बऱ्याच कामात हा गळतीचा आलेख नसतो. तो नसला की मी पुढे वाचायचं सोडून देते.

२४ जून

दिव्याचं काम. ६६० नॅनोमीटरचे एलईडी घरात रोपं वाढवण्याच्या दिव्यांत असतात, त्यामुळे स्वस्त. लॅमिंग्टन रोडवरून आणले. पट्टीवर लिहिलेलं तेवढंच खरं मानायचं नाही. स्पेक्ट्रोमीटरने मोजलं तर शिखर लिहिल्यापेक्षा थोडं अलीकडे, आणि दिवा तापला की ते पलीकडे सरकतं. मिथिलीन ब्लूचा पट्टा रुंद आहे म्हणून चालून गेलं. लेझर असता तर एवढी सवलत मिळाली नसती.

९६ खळग्यांच्या प्लेटवर प्रकाश सारखा पडतो का, हे पॉवर मीटर सरकवत बघितलं. कडेच्या खळग्यांना कमी. त्यामुळे कडेची रांग वापरायची नाही, तिथे नुसतं पाणी भरायचं. बाष्पीभवनाचा त्रासही त्यामुळे कमी होतो. प्लेट दिव्यापासून लांब नेली, मध्ये डिफ्यूझर घातला. आता मधला भाग बऱ्यापैकी सारखा.

उष्णतेचं काय? दिवा वरून, पंखा बाजूने, खळग्यात थर्मोकपल. ४२ अंशांच्या वर पेशी उष्णतेनेच मरायला लागतात. मग ते फोटोडायनॅमिक राहत नाही, फोटोथर्मल होतं, आणि आपण भलत्याच गोष्टीचं कौतुक करत बसतो. तापमानाची नोंद प्रत्येक प्लेटसोबत ठेवायची.

मात्रेचा हिशेब इथेच लिहून ठेवते, सगळ्यांना लागतो: प्रत्येक चौरस सेंटिमीटरला ५० मिलिवॉट, १००० सेकंद, म्हणजे ५० ज्यूल.

शुक्रवारी दुरुस्तीसाठी वीज जाते, त्या दिवशी दिव्याचं काही ठेवायचं नाही.

१ जुलै

सिंग्लेट ऑक्सिजनची मोजणी. थेट मोजायचं तर तो १२७० नॅनोमीटरला अगदी मंद उजेड देतो. त्यासाठीचा डिटेक्टर आमच्याकडे नाही. म्हणून डीपीबीएफ. हा पिवळा रेणू सिंग्लेट ऑक्सिजनने फुटतो आणि ४१५ नॅनोमीटरजवळचं त्याचं शोषण उतरत जातं. लाल प्रकाश तो स्वतः शोषत नाही, हे सोयीचं. खोलीतल्या ट्यूबलाइटने मात्र बिघडतो, म्हणून दिवे बंद, खिडकीला काळा कागद, आणि काकांना दाराबाहेर पाटी: 'उघडू नये'.

डीपीबीएफ इतर काही रेणूंनीही फुटतो, त्यामुळे दोन उलटतपासण्या केल्या. सोडियम अझाइड घातलं तर उतार मंदावला पाहिजे, कारण ते सिंग्लेट ऑक्सिजनला गिळतं. मंदावला. आणि साध्याऐवजी जड पाणी मिसळलं तर उतार वाढला पाहिजे, कारण जड पाण्यात सिंग्लेट ऑक्सिजन साधारण वीसपट टिकतो. वाढला.

निकाल: तेवढ्याच रंगाला, क्युवेटमध्ये (मोजणीच्या पारदर्शक नळीत), मोकळा मिथिलीन ब्लू कणांपेक्षा सरस. ज्युनिअरचं तोंड उतरलं. यात आश्चर्य काही नाही. कणात रंगाचे रेणू दाटीने बसतात आणि जोड्या करतात. स्पेक्ट्रममध्ये ६१० च्या जवळ खांदा वर आलेला दिसतोच. जोडीतला रेणू सिंग्लेट ऑक्सिजन कमी देतो. शिवाय ऑक्सिजनला आत यायला आणि जे तयार झालं त्याला बाहेर पडायला वाट हवी.

म्हणून पुढच्या बॅचमध्ये रंग कमी भरला. खांदा बसला, उतार सुधारला. मोकळ्या रंगाची बरोबरी अजून नाही. 'जास्तीत जास्त भरणे' हे आकर्षक उद्दिष्ट या कामात उलटं पडतं.

८ जुलै

आज एका दंतवैद्यक महाविद्यालयातल्या मुखरोगाच्या डॉक्टरांकडे गेलो, मॅडम आणि मी. त्यांची ओपीडी भरलेली, तरी दुपारी वेळ दिला. मी कणांचे फोटो, झीटा (कणांच्या पृष्ठभागावरच्या भाराची मोजणी), सगळं घेऊन गेले होते. त्यांनी ते बाजूला ठेवलं आणि विचारलं, "तुमचा जेल तोंडात किती वेळ राहतो?"

उत्तर नव्हतं माझ्याकडे. त्यांनी मग समोरच्या कागदावर गाल, जीभ, हिरडी काढून समजावलं. ल्युकोप्लाकिया म्हणजे पांढरा चट्टा, बहुतेक वेळा गालाच्या आत किंवा जिभेच्या कडेला, तंबाखू-मावा जिथे दाबून धरतात तिथे. लाळ सतत वाहते, जीभ सतत हलते. पाच मिनिटं एखादी गोष्ट जागेवर राहिली तरी खूप. गालाच्या आतलं अस्तर अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास जाड. तुम्हाला सेंटिमीटरभर खोल जायचंच नाही, मग खोल शिरणाऱ्या प्रकाशाचं एवढं कौतुक कशाला? चट्ट्यावर केराटिनचा जाड थर असतो, रंग त्यातून आत जातो का ते बघा आधी.

दुसरं त्यांनी सांगितलं ते माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. सुपारी-गुटख्याने सबम्यूकस फायब्रोसिस झालेल्या माणसाचं तोंड दोन बोटंही उघडत नाही. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, त्यावर त्या नुसत्या हसल्या. अशा तोंडात दिवा घालायचा कसा? एलईडीची पट्टी जाणार नाही. बारीक फायबर हवा, टोकाला प्रकाश पसरवणारा.

अलीगढच्या कामाचा विषयही त्यांनीच काढला. तिथे तोंडाच्या सुरुवातीच्या कॅन्सरवर बॅटरीवर चालणारा स्वस्त एलईडी दिवा, फायबर आणि ५-एएलए (पेशीच्या आतच प्रकाशाने काम करणारा रंग तयार करवणारं औषध) वापरून रुग्णांवर काम झालंय. अमेरिकेतल्या तय्यबा हसन आणि त्यांचे सहकारी त्यात होते. त्यात नॅनोकण नव्हते. डॉक्टरांचं म्हणणं: दिवा आणि तो तोंडात बसवायची सोय यांवर जेवढा विचार त्यांनी केला, तेवढा तुम्ही कणावर करताय, जरा वाटून करा.

निघताना त्यांनी प्रश्नांची पुरचुंडी हातात दिली. रुग्णाला जी६पीडी या विकराची कमतरता असेल तर मिथिलीन ब्लू चालत नाही. नैराश्याच्या काही गोळ्यांबरोबरही त्याचं जमत नाही. तोंडात लावायची मात्रा लहान, पण विचारावं लागेल. आणि जेल चिकटून राहावा म्हणून कायटोसानचा विचार करत असाल तर ते कोळंबीच्या सालांतून येतं. कोळंबीची अॅलर्जी असणारे आणि शाकाहारी, दोघांनाही सांगावं लागेल.

परतीच्या गाडीत मॅडम बराच वेळ गप्प होत्या. जुईनगर गेल्यावर म्हणाल्या, "जेल आधी. कण त्याच्यात बसतो का ते नंतर."

२१ जुलै

पेशी आल्या, वाढल्या, पसरल्या. जिभेच्या कॅन्सरच्या पेशींची एडब्ल्यू१३५१६ ही मालिका मुंबईच्या कॅन्सर रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये तयार झालेली. ती संस्था आता खारघरच्या अॅक्ट्रेकचा भाग आहे. आपल्याच भागातल्या रुग्णाच्या पेशींवर काम करणं मला योग्य वाटतं. हे विज्ञानाचं कारण नाही, पण असो.

कंट्रोल किती लागतात याची यादी ज्युनिअरने केली: नुसत्या पेशी, नुसता प्रकाश, नुसता मोकळा रंग अंधारात, नुसते कण अंधारात, रिकामे कण प्रकाशात, मग दोन्ही खऱ्या जोड्या. प्लेटची निम्मी जागा यातच जाते आणि जाऊ दे. माध्यम फिनॉल रेड नसलेलं घ्यायचं, एरवी त्याचा रंगही मोजणीत घुसतो.

एमटीटीची, म्हणजे पेशी जिवंत आहेत का ते रंगावरून सांगणाऱ्या चाचणीची, एक कटकट. जिवंत पेशी करतात त्या जांभळ्या फॉर्माझानची मोजणी ५७० ला, आणि मिथिलीन ब्लूचा खांदा तिथपर्यंत येतो. धुतल्याशिवाय वाचलं तर मेलेल्या पेशी जिवंत दिसतात. धुताना सैल झालेल्या पेशी वाहून जातात, मग जिवंत मेल्यासारख्या दिसतात. दोन्ही बाजूंनी खोटं बोलणारी चाचणी. म्हणून सोबत वसाहती मोजायची चाचणी लावली: पेशी विरळ पेरायच्या, आठवडा-दीड आठवडा थांबायचं आणि किती वसाहती उठल्या ते डोळ्यांनी मोजायचं. वेळखाऊ, पण तिच्यावर विश्वास ठेवता येतो.

३० जुलै

इथे पहिल्यांदा कणाने स्वतःची जागा कमावली.

मोकळा रंग दिलेल्या पेशी थोडा वेळ ठेवून लगेच प्रकाश दिला, तर मोकळा रंग पुढे. ठेवायचा वेळ वाढवला तर मोकळ्या रंगाचा परिणाम घसरत गेला, कणांचा टिकला. खळग्यांकडे बघूनच कारण कळलं: मोकळ्या रंगाचे खळगे फिकट झालेले. पेशी मिथिलीन ब्लूला इलेक्ट्रॉन देऊन रंगहीन ल्युको रूपात नेतात, आणि ते लाल प्रकाश शोषतच नाही. अकरावी-बारावीत ग्लुकोज आणि निळ्या रंगाची बाटली हलवून दाखवतात ना, तोच खेळ पेशीच्या आत. सिलिकाच्या भिंतीआड बसलेल्या रंगापर्यंत पेशीची विकरं पोचत नाहीत, म्हणून तो निळाच राहतो.

क्युवेटमध्ये हरलेला कण पेशीत जिंकला, कारण क्युवेटमध्ये रंग मारणारं कुणी नव्हतं. अंधारातला विषारीपणाही कणात कमी निघाला. मॅडमना आलेख पाठवला. उत्तर: "छान. रिकाम्या कणांचं प्रकाशातलं वाचन कुठे आहे?" होतं, दुसऱ्या पानावर.

१९ ऑगस्ट

पाऊस. कॉलेजला सुट्टी, घरी ठाण्यातच. वाचन आणि चिडचिड.

ज्याला त्याला अपकन्व्हर्जनचे कण हवेत: यटर्बियम, एर्बियम घातलेले सोडियम यट्रियम फ्लोराइडचे कण ९८० नॅनोमीटरचा अवरक्त प्रकाश घेऊन हिरवा-लाल देतात, आणि तो आतल्या रंगाला मिळतो. कल्पना देखणी आहे. पण ९८० ला पाणी स्वतःच शोषतं, म्हणजे ऊतक तापतं. त्यावर निओडिमियम घालून ८०८ ला आणायचा उपाय निघालाय. आणि कणाची प्रकाश परत देण्याची क्षमता फारच तोकडी. खोल गाठीसाठी हे सगळं सोसावं लागेल. अर्ध्या मिलिमीटरच्या अस्तरासाठी नाही.

सोन्याचं थोडं वेगळं. सिलिकाच्या गाभ्यावर सोन्याचं कवच असलेले कण, नाओमी हालास आणि जेनिफर वेस्ट यांचं काम. ते अवरक्त प्रकाशाने तापतात. प्रोस्टेटच्या रुग्णांवर ते वापरल्याचे पहिले निकाल २०१९ साली छापून आले. तिथे ऑक्सिजन लागत नाही, हा मोठा फायदा.

आणि डोळ्यांच्या दवाखान्यांत बरीच वर्षं वापरलं गेलेलं नॅनो-औषध कोणतं? व्हर्टेपॉर्फिन, २००० सालापासून, मॅक्युलर डीजनरेशन या दृष्टिपटलाच्या आजारासाठी. रंग पाण्यात विरघळत नव्हता म्हणून लायपोसोममध्ये घातला, बस. चरबीचा साधा बुडबुडा. शोधनिबंधांच्या मुखपृष्ठांवर येणारे तारे, पिंजरे, फुलं यांतलं काही दवाखान्यात पोचायच्या कितीतरी आधी तो पोचला. माझं मत असं होत चाललंय की कणाला एकच काम द्यावं. आमच्या कणाचं काम: रंगाला पेशीच्या विकरांपासून वाचवणं. लक्ष्य शोधणं, औषध सोडणं, चुंबकाने ओढणं, हे सगळं त्याच्याच डोक्यावर नको.

भारतातली नॅनो-औषधांच्या मूल्यमापनाची मार्गदर्शक तत्त्वं २०१९ साली आली, जैवतंत्रज्ञान विभागाने काढलेली. वाचून काढली. कणाचा प्रत्येक जास्तीचा भाग म्हणजे तपासण्यांचा एक जास्तीचा गठ्ठा.

३ सप्टेंबर

गणपतीच्या सुट्टीनंतर. पेशी गोठवून ठेवल्या होत्या, जाग्या झाल्या.

मात्रा तीच, ५० ज्यूल. एकदा १०० मिलिवॉटने ५०० सेकंद, एकदा २० मिलिवॉटने २५०० सेकंद. हिशेबाने परिणाम सारखा यायला हवा. आला नाही, मंद प्रकाशात पेशी जास्त मेल्या. कारण ऑक्सिजन. जोराचा प्रकाश दिला की रंग ऑक्सिजन भराभर वापरतो, आणि वरच्या माध्यमातून खाली नवा पाझरायला वेळ लागतो. उरलेला प्रकाश नुसता पडून वाया जातो. रुग्णांवरच्या कामात हे जुनंच माहीत आहे, म्हणून काही ठिकाणी मध्ये थांबून थांबून प्रकाश देतात. इथे ते आमच्याच प्लेटमध्ये दिसलं.

कण बदलून जेवढा फरक पडला होता, त्यापेक्षा हा मोठा निघाला, आणि खर्च शून्य. पण रुग्णाने तोंड उघडून चाळीस मिनिटं बसायचं? डॉक्टरांना फोन केला. "दहा मिनिटं धरून चाला, त्यातही मध्ये थुंकू द्यावं लागेल." म्हणजे थांबून थांबून देणंच बरं, थुंकण्याची सुट्टी ऑक्सिजनच्याही कामी येईल.

१५ सप्टेंबर

बोकडाच्या गालाचं अस्तर. तुर्भ्याच्या मटणवाल्याकडून मुंड्या, सकाळी लवकर, बर्फात. ज्युनिअर शाकाहारी, तिने दिव्याकडचं काम घेतलं, कापायचं माझ्याकडे.

आधी प्रकाश. पॉवर मीटरवर वेगवेगळ्या जाडीचे काप ठेवून निळा, हिरवा, लाल. निळा पहिल्याच कापात जवळजवळ संपतो, लाल बराच पलीकडे निघतो. हे पुस्तकातलंच, पण एक गोष्ट ध्यानात ठेवायची: कापलेल्या अस्तरात रक्त वाहत नाही. जिवंत माणसात हिमोग्लोबिन आणखी खाईल, आणि सुजलेल्या चट्ट्याला रक्त जास्तच.

मग जेल. कायटोसान लावलेले कण आणि न लावलेले, दोन्ही अस्तरावर पसरून वरून कृत्रिम लाळ सोडली आणि खाली वाहून आलेला रंग मोजला. कायटोसानवाले जास्त टिकले, अपेक्षेइतके नाही. कायटोसानचा धनभार आम्लात असतो. लाळेचा सामू सातच्या जवळ, तिथे तो भार उतरतो आणि पकड ढिली होते. जेल थोडा आम्लधर्मी ठेवला की सुधारतं, पण चट्ट्यावर झोंबेल. डॉक्टरांना विचारायच्या यादीत लिहिलं.

केराटिनच्या जाड थरातून कण आत जातात का? कापून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं: निळा बहुतेक वरच बसलेला. मोकळा रंग लहान रेणू असल्याने खोलवर दिसतो. इथे पारडं पुन्हा मोकळ्या रंगाकडे. पेशीत कण सरस, अस्तरात रंग सरस.

२२ सप्टेंबर

मॅडमसोबत बैठक. तीन तास, दोन चहा.

ठरलं ते असं. कण आणखी लहान करायचे, मायक्रोइमल्शनमध्ये पाण्याचं प्रमाण कमी करून बघायचं. केराटिन सैल करायला जेलमध्ये युरिया चालेल का ते तपासायचं. त्वचेच्या मलमांत ते असतंच. जेलमध्ये थोडा मोकळा रंग आणि थोडे कण असं मिश्रण करायचं: मोकळा आत जाईल आणि लगेच काम करेल, कण वरच्या पेशींत टिकून राहतील. मला ही कल्पना आधी तडजोड वाटली. मॅडम म्हणाल्या, "आपल्याला काय सिद्ध करायचंय, कण चांगला की चट्टा बरा?"

दिवा: फायबरचं टोक, वर पांढऱ्या सिलिकॉनची टोपी, प्रकाश मिनिटभर चालू आणि मिनिटभर बंद. ज्युनिअर टायमरचं सर्किट करतेय.

टीईएमसाठी (इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली बघायला) सॅम्पल बाहेरच्या केंद्रात पाठवलंय, रांग मोठी आहे. तोवर युरियाच्या तीन पातळ्या, प्रत्येकीला मोकळा रंग शेजारी. मुंड्यांची ऑर्डर गुरुवारसाठी दिली. शुक्रवारी वीज नाही.